एकदाच विचारणार

त्या हिवाळ्यात आमच्या जेवणाच्या टेबलावर दोन सरकारं स्थापन झाली. एक अमेरिकेचं आणि दुसरं दोह्यातल्या आमच्या मराठी मंडळाचं. अमेरिकेचं माझ्या मुलीच्या वाट्याला आलं होतं, मंडळाचं माझ्या. दोन्हींचा कारभार एकाच टेबलावर, एकाच चहाच्या किटलीभोवती चालला होता, तेव्हा पुढे जो गोंधळ झाला तो होणारच होता. त्यात माझा हात किती होता यावर घरात अजून मतभेद आहेत.

मुलगी तेव्हा आठवीत होती. शाळा इंग्रजी माध्यमाची, आम्ही राहतो ओल्ड एअरपोर्ट भागात, शाळेची बस खालीच येते. तिला मराठी सगळं समजतं, विशेषतः तिला समजू नये म्हणून आम्ही जे हळू आवाजात बोलतो ते. उत्तर मात्र इंग्रजीतच येतं. तिच्या इतिहासाच्या बाईंनी वर्गाला गृहपाठ दिला होता: अमेरिका नुकतीच स्वतंत्र झाली आहे, पहिला राष्ट्राध्यक्ष निवडून आला आहे, आणि सगळी मोठी पदं रिकामी आहेत. तुम्ही राष्ट्राध्यक्षांचे सल्लागार. कुणाला नेमायचं, कुणाला टाळायचं आणि का, ते त्यांना लिहून द्या.

मी तो गृहपाठ वाचला आणि म्हटलं, अगं, हे तर मी कित्येक वर्षं फुकटात करतेय.

खरंच करत होते. मंडळात मी पूर्वी सचिव होते. आता माझ्याकडे कुठलंही पद नाही, पण नवा अध्यक्ष निवडून आला की त्याला आमच्याकडे चहाला यावंच लागतं. कोण कुणाबरोबर एका रंगमंचावर उभं राहत नाही, कुठल्या दिवाळीपासून राहत नाही आणि चिवड्यावरून की चकलीवरून, ही माहिती फक्त माझ्याकडे आहे. शिवाय अध्यक्षांचं भाषण मी लिहिते, आणि त्या भाषणाबद्दल सभासदांनी मानायचे आभारही मीच लिहिते. याची मला थोडी लाज वाटायची. पण मुलीने एके दिवशी पुस्तकातून वाचून दाखवलं, की त्या पहिल्या राष्ट्राध्यक्षाचं भाषण एका सल्लागाराने लिहून दिलं होतं, तिथल्या लोकसभेतर्फे त्या भाषणाला दिलेलं उत्तरही त्याच माणसाने लिहिलं होतं, आणि त्या उत्तराला राष्ट्राध्यक्षांनी दिलेलं उत्तरही त्यानेच. त्या दिवसापासून मी मान ताठ ठेवून वावरते.

त्या वर्षीचे आमचे अध्यक्ष मूळचे रत्नागिरीकडचे. हमद पोर्टवर कुठला कंटेनर कुठे ठेवायचा याचं नियोजन ते करतात. जहाज त्यांनी जन्मात हाकलेलं नाही, पण पांढराशुभ्र शर्ट आणि यार्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा आवाज, एवढ्या भांडवलावर सगळे त्यांना कॅप्टन म्हणतात. ज्या सभेत ते अध्यक्ष झाले त्या सभेला ते आलेच नव्हते. आले असते तर नको म्हणाले असते, म्हणून लोकांनी ती वेळ साधली. शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की कॅप्टन आमच्याकडे यायचे, बायकोने केलेली सांदणं डब्यातून घेऊन. सांदणं म्हणजे तांदळाच्या रव्याची आणि नारळाच्या दुधाची, इडलीला लाजवतील अशी. ती खाताना मी कुणाहीविषयी चांगलं बोलू शकते.

"वयनी," ते पहिल्याच शुक्रवारी म्हणाले, "मला माणसं पाहिजेत. रुसवे नकोत."

"मग मराठी मंडळ कशाला घेतलंत?" मी म्हटलं.

इथे आमच्या लोकांची एक रीत सांगायला हवी. आपल्यात कुणालाही काहीही विचारलं तर पहिल्यांदा नको म्हणायचं असतं. पोळी वाढू? नको. याचा अर्थ अर्धी वाढ. पहिल्या हाकेला जो हो म्हणतो त्याला लोक उतावळा नवरा म्हणतात. मंडळातल्या पदांचंही तेच. पहिल्यांदा विचारलं की, "नको हो, माझ्यापेक्षा लायक माणसं आहेत." दुसऱ्यांदा विचारलं की, "बघतो, घरी विचारून सांगतो." तिसऱ्यांदा त्यांच्या घरी जायचं, त्यांच्या बायकोच्या हातचा चहा प्यायचा, नव्या पडद्यांची तारीफ करायची, मग, "आता तुम्ही एवढं म्हणताच आहात तर." अशी एकेक विकेट काढत समिती पुरी होईपर्यंत उन्हाळा येतो आणि निम्मी समिती सुट्टीवर गावी निघून जाते.

आणि या रीतीचा सगळ्यात पक्का वारकरी माझ्याच घरात होता.

माझा नवरा गॅस प्रकल्पात अभियंता. मंडळाचा एकही कार्यक्रम त्याच्याशिवाय झालेला नाही. पडदा, माईक, वायरी, दिवे, सतरंज्या, पेटीवाल्याची खुर्ची करकरते म्हणून तिच्या पायाखाली घालायचा पुठ्ठा, सगळं तो बघतो. पद मात्र कधीच नाही. शेवटी आभार मानताना माईकवरून म्हणतात ना, "सर्व ज्ञात-अज्ञात हितचिंतक", त्यातला अज्ञात तो. कंपनीतही तसंच. एकदा त्याच्या स्कॉटिश साहेबाने विचारलं, की तू शिफ्टचा प्रमुख होशील का? हा म्हणाला, माझ्याहून चांगले लोक आहेत. साहेबाने विश्वास ठेवला. साहेबाची काय चूक, त्याच्या गावी लोक खरं बोलत असतील. त्या चांगल्या माणसाच्या हाताखाली याने पुढची सगळी वर्षं काढली.

आता कराराची मुदत येत्या उन्हाळ्यात संपत होती. आम्ही नाशिकला परत जायचं ठरवलं होतं. तो हिवाळा इथला शेवटचा. एका संध्याकाळी वायरीचं भेंडोळं करता करता त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, "रंगमंचप्रमुखाचं नाव पत्रिकेत छापतात ना? आणि माईकवरून घेतात शेवटी?"

मी म्हटलं, घेतात. तो "बरं" म्हणाला आणि भेंडोळं बांधायला लागला. आमच्या संसारात त्याने मनातलं बोललेलं एवढं लांब वाक्य मला दुसरं आठवत नाही. त्याला ते पद हवं होतं. जायच्या आधी, एकदा, या गावात आपलं नाव मोठ्याने घेतलेलं त्याला ऐकायचं होतं. मला ते इतकं कळलं की मी उगाच कांदे चिरायला घेतले.

म्हणून मी कॅप्टनना सरळ सांगितलं, रंगमंच ह्यांना द्या.

"ते तर ठरलेलंच हो," कॅप्टन म्हणाले. "भाऊंना मी स्वतः फोन करतो."

नवऱ्याला मी काही बोलले नाही. माझ्या शिफारशीने मिळालं असं त्याला वाटायला नको होतं. त्याला कुणीतरी विचारायला हवं होतं.

पण त्याच शुक्रवारी घात झाला. कॅप्टन सांदणाचा तुकडा हातात धरून तक्रार करत होते. "पोर्टवर मी विचारतो, हा डबा घेतोस का? तो म्हणाला नाही, खलास, दुसऱ्याला देतो. इथे मागच्या अध्यक्षांनी एका स्वागतप्रमुखासाठी लोकांच्या घरी चकरा मारून मारून टायर घासले."

टेबलाच्या पलीकडून मुलगी इंग्रजीत म्हणाली, की तिच्या राष्ट्राध्यक्षांवरही हीच वेळ आली होती. परराष्ट्र खात्याची जागा रिकामी झाली तेव्हा त्यांनी एकाला विचारलं, तो नाही म्हणाला. दुसऱ्याला विचारलं, तोही नाही म्हणाला. असे एकामागून एक नाही म्हणत गेले आणि ते पुढच्याला विचारत गेले, शेवटी एकजण हो म्हणाला.

"आणि जे नाही म्हणाले त्यांच्या घरी चहाला गेले नाहीत?" कॅप्टननी विचारलं.

"व्हाय वुड ही?" मुलगी म्हणाली.

कॅप्टनच्या तोंडावर जो उजेड पडला तो मी विसरणार नाही. त्यांनी सांदण खाली ठेवलं. "वयनी, ठरलं. यंदा मी प्रत्येकाला एकदाच विचारणार. नको म्हणाला की अरबीत शुक्रन, आभारी आहे, आणि पुढचा."

"अजून काय काय करायचा तुझा राष्ट्राध्यक्ष?" त्यांनी उत्साहाने विचारलं. मुलीने सांगितलं, की त्याने स्वतःच्या पुतण्यालाही पद दिलं नाही, लोक काय म्हणतील म्हणून. कॅप्टन यावर जरा घुटमळले, कारण भोजनप्रमुखाच्या जागेवर त्यांच्या मेव्हण्याचा डोळा होता. मग त्यांनी मांडीवर थाप मारली. "नातेवाईकही नको. झालं तर मग सगळंच अमेरिकेसारखं होऊ दे."

मी त्यांना थांबवलं नाही. उलट मला इतका आनंद झाला की मी त्यांना आणखी चहा दिला. मंडळातले एकेक मोठे लोक डोळ्यांसमोर आले. नको नको म्हणत लोडाला टेकून बसलेले. आणि फोनवर शुक्रन ऐकू आल्यावर त्यांचे चेहरे. माझ्या माहेरी या स्वभावाला खोडसाळपणा म्हणतात. मी त्याला विनोदबुद्धी म्हणते.

पुढचे चार-पाच दिवस माझ्या आयुष्यातले फार सुखाचे गेले. कॅप्टन पोर्टवरून घरी येताना गाडीतून फोन करायचे आणि मग मला अहवाल द्यायचे. पुण्याचे एक गृहस्थ आमच्याकडे वर्षानुवर्षं निवेदन करतात. आवाज विहिरीतून आल्यासारखा, आणि "रसिकहो" हा शब्द ते इतका लांबवतात की तेवढ्यात मागे नेपथ्य बदलून होतं. त्यांना सगळे सर म्हणतात. कॅप्टननी विचारलं, सर, यंदा निवेदन करणार? सर रीतीप्रमाणे म्हणाले, "नको हो, आता नव्या आवाजांना संधी द्यायला हवी."

"शुक्रन सर, किती मोठं मन तुमचं," कॅप्टन म्हणाले आणि फोन ठेवला.

सरांच्या बायकोने मला नंतर सांगितलं, ते हातातल्या फोनकडे बघत बसले आणि पुढ्यातली आमटी गार झाली. "नेटवर्क गेलं असेल," असं म्हणून त्यांनी फोन बंद करून पुन्हा चालू केला म्हणे.

स्वागताला नेहमी उभ्या राहणाऱ्या एक मावशी आहेत. पैठणी नेसून दाराशी अत्तर लावायचा मान त्यांचा. त्या म्हणाल्या, "माझे गुडघे आता कुठे." कॅप्टननी गुडघ्यांसाठी एक तेल सुचवलं आणि शुक्रन म्हणून मोकळे झाले. पडत्या फळाची आज्ञा म्हणतात ती अशी. मी हे ऐकताना सोफ्यावर आडवी होऊन हसत होते, आणि मुलगी माझ्याकडे बघून मान हलवत होती.

मग बुधवारी संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो असताना नवऱ्याचा फोन वाजला. पडद्यावर कॅप्टनचं नाव. मी टीव्हीचा आवाज बंद केला आणि चेहरा शक्य तितका निर्विकार ठेवला.

"मी?" नवरा फोनवर म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले. "रंगमंच? नको हो कॅप्टन. तरुण मुलं आहेत, त्यांना द्या."

मी वरणाचा डाव हवेत हलवला. डोळे वटारले. तोंडाने हो, हो असं करून दाखवलं. त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही, कारण तो अतिशय विनयाने भाताकडे बघत होता. फोनमधून कॅप्टनचा यार्डातला आवाज अख्ख्या घरात ऐकू आला, "शुक्रन भाऊ!" आणि मग काहीच नाही.

नवऱ्याने फोन ताटाशेजारी ठेवला. उलटा नाही, सुलटा. "पुन्हा करतील," तो म्हणाला.

फोन आला नाही. जेवण झाल्यावर त्याने तो बाल्कनीत नेला. मग आंघोळीला जाताना आत नेला. फोन बरोबर घेऊन फिरणारा माणूस नाही हो तो, चार्जर कुठे आहे हेही त्याला ठाऊक नसतं. दुसऱ्या दिवशी कामावर निघताना त्याने रिंगचा आवाज वाढवला आणि मला दोनदा फोन करायला लावला, वाजतो की नाही बघायला. मी केला. वाजत होता. माझं हसू तिथे संपलं. मला स्वतःचा रागही आला आणि त्याचाही, आणि त्या स्कॉटिश साहेबाचाही, जो बिचारा केव्हाच निवृत्त होऊन गेला.

त्या दिवशी दुपारी कळलं, रंगमंचप्रमुख म्हणून सरांची नेमणूक झाली. झालं असं की कॅप्टन एकदाच विचारतात ही बातमी तोवर गावभर पसरली होती. सर मोकळे आहेत म्हणून कॅप्टननी त्यांना नव्या पदासाठी फोन लावला, आणि पद कुठलं ते ऐकायच्या आत सर ओरडले, "हो!" ज्या माणसाला पडद्याची दोरी कुठली आणि माईकची वायर कुठली हे कळत नाही, तो रंगमंचप्रमुख झाला. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

मी कॅप्टनना फोन केला. "अहो, ह्यांचं नको म्हणजे हो होतं."

"मला काय माहीत नाही वयनी?" कॅप्टन शांतपणे म्हणाले. "मी रत्नागिरीचाच. सरांचं नकोही हो होतं, मावशींचंही हो होतं. सगळ्यांचं होतं. पण माझ्या मेव्हण्याला मी नाही म्हणालो, बायको चार दिवस घरात बोलत नाहीये माझ्याशी. सांदणं बंद झाली. आता तुमच्या घरी दुसऱ्यांदा फोन केला तर मेव्हणा उद्या दारात उभा राहील. मी त्याला काय सांगू?"

तोंड दाबून बुक्क्यांचा मार. तरी मी एक प्रयत्न केला. म्हटलं, एक नवीनच पद काढा ना, रंगमंच सल्लागार. टेबलापलीकडून लगेच इंग्रजीत आवाज आला, की पहिल्या राष्ट्राध्यक्षांनी अख्खा देश मूठभर माणसांत चालवला, तुमच्या एका पडद्याला दोन माणसं कशाला? मी तिला म्हटलं, तू तुझी अमेरिका सांभाळ. पण कॅप्टननी फोनवर ते ऐकलं होतं, आणि ते हसत होते.

त्या रात्रीच्या जेवणाला मुलगी गृहपाठाचा शेवट लिहीत बसली होती. नवरा मुकाट जेवत होता. ती त्याला आपणहून सांगायला लागली, की राष्ट्राध्यक्ष नुसतं नाव सुचवतात. ते नाव मग सभागृहासमोर जातं. तिथे लोक हो किंवा नाही म्हणतात. पहिल्याच वर्षी त्यांनी सुचवलेलं एक नाव सभागृहाने चक्क नाकारलं होतं.

नवऱ्याचा घास हातात थांबला. "म्हणजे हरकत घ्यायची सोय होती?"

"यस, बाबा."

"राष्ट्राध्यक्षांना राग नाही आला?"

"आला असेल," मुलगी म्हणाली. मराठीत म्हणाली, हे आम्हा दोघांच्याही जरा वेळाने लक्षात आलं. "पण त्यांना ऐकायलाच लागलं."

तो पुन्हा जेवायला लागला. मी विचारलं, भात वाढू? तो म्हणाला, नको. मी वाढला.

नव्या समितीवर शिक्कामोर्तब करायची सभा शुक्रवारी दुपारी, एका शाळेच्या हॉलमध्ये होती. कॅप्टन व्यासपीठावर उभे राहून एकेक नाव वाचत होते आणि प्रत्येक नावानंतर विचारत होते, "कुणाची हरकत?" हे विचारायचं असतं म्हणून विचारतात. आमच्या मंडळात हरकत कुणी सभेत घेत नाही. हरकत पार्किंगमध्ये घेतात, गाडीच्या काचा वर करून, एसी लावून. त्यामुळे नावं भराभर मंजूर होत होती. पहिल्या रांगेत सर बसले होते, उदास. त्यांच्यामागे मावशी, पैठणी नेसून, पण दाराशी नाही.

"रंगमंचप्रमुख," कॅप्टननी सरांचं नाव वाचलं. "कुणाची हरकत? नाही. पुढे..."

"माझी आहे."

आवाज मागून आला. कोण हा शहाणा, म्हणून मी मान वळवली. नवरा भिंतीशी स्विचच्या पेटीजवळ उभा होता. माईक खरखरत होता म्हणून तो सभा सुरू झाल्यापासून तिथेच होता, आणि त्याच्या हातात वायर होती. सगळा हॉल मागे वळला.

"सरांबद्दल नाही," तो म्हणाला. "सर मोठे आहेत. पण ते काम मला हवंय. परवा तुम्ही विचारलंत तेव्हा मी नको म्हणालो, ते खरं नव्हतं. मला हवं होतं. पुढच्या वर्षी मी इथे नसेन."

एवढंच. मग त्याला वायर कुठे ठेवावी ते सुचेना, म्हणून तो ती तशीच धरून उभा राहिला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते पुसलंही नाही, कारण पुसलं असतं तर शेजारणीने विचारलं असतं.

कॅप्टननी चष्मा काढला. "भाऊ," ते म्हणाले, "मी एकदाच विचारतो, माहीत आहे ना तुम्हाला? रंगमंचप्रमुख होणार?"

"हो."

"अहो, घ्या!" सर खुर्चीतून जवळजवळ उडी मारून उठले. "मला तर वाटलं निवेदनासाठीच फोन आलाय! मी काय पडदा ओढणार? माझा खांदा बघा!" मग त्यांनी आवाज विहिरीत नेला. "आणि अध्यक्ष महोदय, निवेदनाच्या नेमणुकीला माझीही हरकत आहे."

मागून मावशी उठल्या. "स्वागताला माझी आहे. गुडघे ठणठणीत आहेत माझे."

त्यानंतर जे झालं त्याला सभा म्हणता येणार नाही. ज्या लोकांनी जन्मात कधी हात वर केला नव्हता ते हात वर करून मला हवंय, मला हवंय म्हणत होते. एकाने समोशांना हरकत घेतली, त्याला बटाटेवडे हवे होते. नवीन निवेदक म्हणून नेमलेली तरुणी तर इतकी सुटल्यासारखी हसली की सरांना जरा रागच आला. "यल्ला, एकेक, एकेक!" कॅप्टन यार्डातल्या आवाजात ओरडत होते. शेवटी शाळेचा रखवालदार किल्ल्या वाजवत आला. मेव्हण्याने मात्र हरकत घेतली नाही. तो पार्किंगमध्ये घेईल, असं कॅप्टन म्हणाले, आणि त्याने घेतली.

पुढच्या आठवड्यात मुलीचा गृहपाठ तपासून आला. बाईंना तो आवडला होता. एका वाक्याखाली मात्र लाल रेघ होती. तिने राष्ट्राध्यक्षांना लिहिलं होतं, की जो नाही म्हणतो त्याला कधीकधी ते पद सगळ्यात जास्त हवं असतं, तेव्हा त्याला, सगळ्यांना नीट ऐकू येईल इतक्या मोठ्याने, हो म्हणायची संधी द्या. बाईंनी समासात विचारलं होतं, हे कुठल्या पुस्तकात सापडलं? मुलीने खाली पेन्सिलीने लिहिलं होतं, माय फादर.

कार्यक्रम झाला. रंगमंच उत्तम झाला, म्हणजे रंगमंचाकडे कुणाचं लक्षसुद्धा गेलं नाही. दाराशी मावशींनी प्रत्येकाला इतकं अत्तर लावलं की पहिल्या रांगेत शिंका चालू होत्या. शेवटी आभाराची वेळ आली. सरांनी लांबलचक "रसिकहो" केलं, आणि मग रंगमंचप्रमुखाचं नाव घेतलं. पहिलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, एकेक सुटं, त्यांच्या त्या आवाजात. आणि म्हणाले, हा माणूस आता आपल्यातून चाललाय, इतकी वर्षं आपण याच्या उजेडात उभे होतो. लोकांनी इतक्या टाळ्या वाजवल्या की मुलीने इअरफोन काढले.

मी विंगेकडे पाहिलं. तिथे तो नव्हता. एका बाजूचे दिवे लुकलुकायला लागले होते म्हणून तो मागच्या विजेच्या खोलीत गेला होता, जिथे पंख्याच्या घरघरीत काही म्हणजे काही ऐकू येत नाही. टाळ्या संपल्यावर तो हात पुसत आला आणि मला म्हणाला, "झालं का आभार? पडदा पाडू?"

मी म्हटलं, पाड.

सगळं आवरून आम्ही गाडीतून घरी निघालो. संध्याकाळ व्हायची होती, समुद्राकडून वारा होता, मागे मुलगी खिडकीला डोकं टेकून बसली होती. पहिल्या सिग्नलला तो म्हणाला, "नाव घेतलं का?"

"घेतलं."

हिरवा झाला. आम्ही पुढच्या सिग्नलपर्यंत गेलो.

"नीट घेतलं?"

"नीट घेतलं. वडिलांच्या नावासकट."

"कसं घेतलं?"

मग मी सरांचा आवाज काढला, जेवढा विहिरीत नेता येईल तेवढा नेला, आणि त्याचं पूर्ण नाव घेतलं, सुटं सुटं, मधल्या थांब्यांसकट. मागून मुलीने टाळ्या वाजवल्या. तो समोरच्या रस्त्याकडे बघत होता, आणि त्याचे कान लाल झाले होते.

"पुन्हा सांगू?" मी विचारलं.

"सांग," तो म्हणाला.